शेती सारखी, मग पदरात वेगळे का?

(शेती विभागातर्फे सभासदांसाठी अभ्यासाचा पाठ)



मळण्या आटोपल्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका सभासदाच्या घरी जाण्याचा योग आला. नाव सांगत नाही, पण गावात त्यांना मान आहे. एकरी धान कोणाचा जास्त झाला अशी गोष्ट पारावर निघाली की पहिले नाव त्यांचेच येते. चहा झाला, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि काकाजी एकदम म्हणाले, "साहेब, धान त मस्त झाला जी. पण पैसा कोठं गेला, समजत नाही. खालची दोन एकर गहाण टाकावी म्हणतो."

त्यांच्या बांधीला लागूनच दुसऱ्या एका सभासदाची बांधी आहे. तलाव एकच, माती एकच, चार-चार एकर जमीन दोघांचीही. या शेजाऱ्याला एकरी तीन क्विंटल धान कमी झाला. तरी त्याच्या डोक्यावर कोणाचे देणे नाही आणि यंदा त्याने घराची कौले काढून पत्रे टाकले. काकाजींच्या मनाला तेच लागले होते. "त्याचं नशीब बरं," असे ते म्हणाले.

एवढ्यात काकू आतून भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन आल्या. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी वर्षभराचा खर्च लिहून ठेवला होता. कोणत्या दिवशी किती मजूर आले, ट्रॅक्टरवाल्याला किती दिले, दुकानातून किती पोती खत आले, फवारणीची औषधे किती आली, सगळे होते. फक्त त्याची बेरीज कोणी केली नव्हती. शेजाऱ्यालाही बोलावून घेतले. त्याची छोटी वही होती. रात्री दहापर्यंत बसून दोन्ही हिशेब मांडले. तो हिशेब हाच आजचा पाठ आहे.

दोन बांध्यांचा हिशेब

खालील आकडे एका एकराचे आहेत. समजण्यास सोपे जावे म्हणून ते गोल केले आहेत. मजुरीचे आणि भाड्याचे दर गावागणिक बदलतात, तेव्हा हे आकडे उदाहरण म्हणूनच घ्यावेत. धानाचा भाव दोघांसही २०२५-२६ च्या साधारण धानाच्या आधारभूत किमतीप्रमाणे, म्हणजे क्विंटलला २,३६९ रुपये धरला आहे.

काकाजींचा खर्च असा: बियाणे (संकरित, विकतचे) २,५००, नांगरणी-चिखलणी ६,०००, रोवणी ५,५००, खते ५,५००, फवारणी ४,५००, निंदण २,०००, कापणी-मळणी ४,०००, वाहतूक-हमाली १,०००, उसनवारीचे व्याज १,०००. एकूण ३२,००० रुपये. पीक २० क्विंटल. विक्री ४७,३८० रुपये. उरले १५,३८० रुपये.

शेजाऱ्याचा खर्च असा: बियाणे (सुधारित वाणाचे, घरी निवडलेले) १,०००, नांगरणी-चिखलणी ४,०००, रोवणी ४,५००, खते ३,०००, फवारणी १,०००, निंदण १,५००, कापणी-मळणी ३,८००, वाहतूक-हमाली ९००, व्याज ३००. एकूण २०,००० रुपये. पीक १७ क्विंटल. विक्री ४०,२७३ रुपये. उरले २०,२७३ रुपये.

आता कोणी म्हणेल, शेजाऱ्याच्या घरची माणसे शेतात राबतात, त्यांची मजुरी यात कोठे धरली? शंका रास्त आहे. म्हणून तीही धरू. शेजाऱ्याच्या घरचे दहा दिवस, रोज ३०० रुपयांप्रमाणे ३,००० झाले. काकाजींच्या घरचे दोन दिवस, ६०० झाले. तरीही शेजाऱ्याकडे १७,२७३ आणि काकाजींकडे १४,७८० उरतात. म्हणजे तीन क्विंटल कमी पिकवून शेजारी एकरी अडीच हजाराने पुढे आहे.

आणखी एक भागाकार करा. घरची मजुरी सोडून खर्चाला क्विंटलने भागा. काकाजींना एक क्विंटल धान पिकवण्यास १,६०० रुपये लागले. शेजाऱ्याला सुमारे १,१७६ रुपये लागले. पारावर आपण एकरी किती पोती झाली ते विचारतो. एका पोत्याला किती पडले, हे कोणी विचारत नाही. शेती-शेतीमधील नफ्याचा फरक मुख्यतः या दुसऱ्या आकड्यात असतो. भाव आपल्या हातात फारसा नाही. एका क्विंटलचा खर्च मात्र बराचसा आपल्या हातात आहे.

ही गोष्ट नवी नाही. १९५४-५५ ते १९५६-५७ या तीन वर्षांत भारत सरकारने निरनिराळ्या प्रांतांत शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या केल्या. त्यात आपल्याकडील अकोला-अमरावती आणि अहमदनगर-नाशिक हे भाग होते. एकेका शेतकऱ्याच्या घरी जाऊन खर्च लिहून घेतला गेला. लहान शेतात एकरी उत्पादन अनेकदा मोठ्या शेतापेक्षा जास्त दिसले, ही गोष्ट त्या वेळी फार चर्चिली गेली. पण घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरली की त्याच लहान शेताचा नफा आटत असे. पीक जास्त आणि नफा जास्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून कागदावर आहे. आपल्या पारावर ते अजून आलेले नाही एवढेच.

आता फरक कशाने पडला, ते एकेक पाहू.

पहिले कारण: पाणी आणि वेळ

काकाजींचा चिखलणीचा खर्च दोन हजाराने जास्त का? त्यांची बांधी पाटाच्या शेवटी आहे. त्यांनी एकदा चिखलणी केली, पाणी वेळेवर आले नाही, बांधी आवळली आणि दुसऱ्यांदा ट्रॅक्टर घालावा लागला. पऱ्हे तोवर जुने झाले. एकवीस ते पंचवीस दिवसांचे पऱ्हे रोवले तर फुटवे चांगले येतात. त्यांचे पऱ्हे चाळीस दिवसांचे झाले. फुटवे कमी दिसले म्हणून त्यांनी युरिया वाढवला. युरिया वाढला तसा धान दाट आणि लुसलुशीत झाला, त्यावर तुडतुडे आले. मग फवारणी आली, आणि फवारणीसाठी उसनवार आली. पाणी पंधरा दिवस उशिरा आले, त्याने खर्चाच्या पाच ओळी वाढवल्या.

आपला भाग पावसाचा आहे. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी एका नक्षत्राने दगा दिला की धान निसवण्याच्या वेळी तहानतो आणि लोंबी पोचट राहते. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगतात. पाळीखालच्या जमिनीत ते धानाबरोबर ऊसही लावत. तेव्हा ऊस हे पीक आपल्याकडे कारखान्याने आणले असे कोणी समजू नये. पाळ, मोरी, पाट आणि सांडवा यांची देखरेख गाव मिळून करीत असे.

तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. कुळांना जमिनीचा हक्क मिळाला ही न्यायाची गोष्ट झाली. पण पाटातला गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला. पुढे इटियाडोह झाला, बाघ प्रकल्पाची पुजारीटोला, कालीसरार, शिरपूर ही धरणे झाली. त्यांच्या कालव्याखाली ज्यांची जमीन आली, त्यांना उन्हाळी धान घेता येऊ लागला. ज्यांची जमीन जुन्या मामा तलावाखाली आहे, त्यांचा नफा अजूनही त्या पाळीवर आणि पाटावर अवलंबून आहे.

काकाजींच्या पाटाची लांबी फार नाही. त्यावर अकरा खातेदार आहेत. मे महिन्यात प्रत्येक घरचा एक माणूस दोन दिवस आला असता तर पाट मोकळा झाला असता. हे काम कोणा एकाचे नाही म्हणून राहून गेले. सहकार हा शब्द आपण सभेत पुष्कळ वापरतो. त्याचा पहिला उपयोग पाटातला गाळ काढण्यासाठी करावा. २०१७ पासून तलावातील गाळ काढून शेतात नेण्याची शासनाची योजनाही चालू झाली. तलावाचा गाळ हलक्या बांधीत पसरला तर जमीन सुधारते आणि तलावात पाणीही वाढते.

दुसरे कारण: शेवटचे पोते

काकाजींनी एकरी चार पोती युरिया टाकला. आपल्या भागातील सुधारित धानाला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी हिशेब केला तर नत्र ४० किलो येते. युरियाचे पोते ४५ किलोचे असते आणि त्यात सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे दुसरे खत काहीही न देता सुद्धा दोन पोत्यांत काम भागते. संकरित वाणाला थोडे जास्त लागते हे धरले, तरी चार पोती जास्तच.

"युरियाचं पोतं अडीचशे-पावणेतीनशेचं, त्यानं काय होते?" असे पुष्कळजण म्हणतात. पोत्याची किंमत कमी आहे हे खरे. पण पहिल्या पोत्याने जेवढा धान वाढतो, तेवढा दुसऱ्याने वाढत नाही. तिसऱ्याने आणखी कमी वाढतो, आणि चौथे पोते तुडतुडे व कडाकरपा बोलावते. भुकेल्या माणसाला पहिली भाकरी जेवढी लागते तेवढी पाचवी लागत नाही, आणि सातवीने पोट बिघडते. खताचे तसेच आहे.

म्हणून कोणताही जादा खर्च करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा शेवटचा रुपया मला किती परत आणील? उत्तर एक रुपयापेक्षा जास्त असेल तर खर्च जरूर करावा, तेथे कंजूषी करू नये. पाट साफ करणे, चांगले बियाणे निवडणे, बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून पोचट दाणे काढणे, माती तपासणे, वेळेवर निंदण करणे, या खर्चाचा रुपया बहुधा भरून परत येतो. शेजाऱ्याने हे खर्च कमी केले नाहीत. त्याने चौथे पोते आणि तिसरी फवारणी कमी केली. खर्च कमी करा असे सरसकट सांगणे हा या पाठाचा हेतू नाही. जो रुपया परत येत नाही, तो ओळखून काढा, एवढेच सांगावयाचे आहे.

तिसरे कारण: दारातला ट्रॅक्टर

त्या रात्री काकाजींचा मुलगाही बसला होता. त्याचे म्हणणे असे की ट्रॅक्टर घरचा असता तर दोनदा चिखलणीला पैसे पडले नसते. तरुण मुलगा आहे, शेतीत राहू इच्छितो, ही आनंदाची गोष्ट. म्हणून त्याचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही, कागदावर मांडले.

समजा ट्रॅक्टर सहा लाखांचा. दरसाल व्याज सरासरी दहा टक्के धरले तर पहिल्या वर्षी ६०,०००. यंत्र जुने होते, त्याची घट वर्षाला तेवढीच धरली तर आणखी ६०,०००. डिझेल, ड्रायव्हर आणि दुरुस्ती अजून आलीच नाही, तोवर १,२०,००० रुपये झाले. चार एकरांत खरीप आणि उन्हाळी मिळून आठ एकरांचे काम. म्हणजे एकरी १५,००० रुपये. भाड्याने हेच काम एकरी चार ते सहा हजारांत होते. भाडे पाच हजार धरले तरी ट्रॅक्टरला वर्षाकाठी किमान चोवीस एकरांचे काम पाहिजे, आणि डिझेल-दुरुस्ती धरली तर त्याहून बरेच जास्त.

तेव्हा ट्रॅक्टर घ्यायचाच तर चार-पाच घरांनी मिळून घ्यावा, किंवा भाड्याची कामे आधी पक्की करून मग घ्यावा. लहान शेतीला यंत्राचा उपयोग नाही असे नाही. यंत्राची मालकी लहान शेतीला झेपत नाही. वीस एकरवाल्याचा नफा काही वेळा एवढ्याच कारणाने जास्त दिसतो की त्याच्या यंत्राचा खर्च वीस एकरांवर वाटला जातो. चार एकरवाल्यांनी एकत्र येऊन हे वाटप करता येते. त्याला जमीन वाढवावी लागत नाही.

चौथे कारण: धुरा आणि रिकामे महिने

शेजाऱ्याच्या वहीत एक ओळ होती, ती काकाजींच्या कॅलेंडरवर नव्हती: धुऱ्यावरची तूर. बांधीच्या धुऱ्यांवर त्याने तूर टोकली होती. घरचे वरण वर्षभराचे झाले आणि थोडी विकलीही. धुऱ्याच्या तुरीला वेगळी जमीन लागत नाही, पाणी लागत नाही, खत फार लागत नाही.

दुसरी ओळ होती लाखोळीची. धान कापणीस आठ-पंधरा दिवस असताना ओल्या बांधीत लाखोळी फेकली की तिला नांगरट लागत नाही, अंगच्या ओलीवर ती निघते. जेथे ओल टिकते तेथे जवस, हरभरा, वाटाणा येतो. वरच्या हिशेबात या दोन्ही पिकांचा पैसा धरलेला नाही. तो धरला तर शेजारी आणखी पुढे जातो.

काकाजींची बांधी मात्र नोव्हेंबरपासून जूनपर्यंत मोकळी पडून होती. कारण विचारले तर म्हणाले, "ढोरं चारून टाकतात जी." हेही खरे आहे. एकट्याने लाखोळी टाकली तर गावची सर्व ढोरे त्याच बांधीत येतात. शेजाऱ्याच्या बाजूच्या पाच-सहा जणांनी मिळून राखण्या ठेवला होता. ओल्या बांधीत हार्वेस्टर घातला तर उगवलेली लाखोळी चाकाखाली जाते, हेही ध्यानात ठेवावे. ज्या बांधीत दुसरे पीक घ्यायचे, तेथे कापणीची पद्धत आधी ठरवावी.

जमिनीवरचा पट्टा, पाळीची दुरुस्ती, घरातल्या माणसांचे पोट, हे खर्च बारा महिने चालतात. पीक चारच महिने असेल तर बारा महिन्यांचा बोजा त्या चार महिन्यांवर पडतो.

पाचवे कारण: विकण्याची घाई

धान निघाला की देणेकरी दारात येतात. ओला धान खळ्यावरूनच व्यापाऱ्याला जातो आणि भाव तो सांगेल तो. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचा धान चालतो. दोन-तीन दिवस ऊन दिले आणि धान उफणून स्वच्छ केला तर बहुतेक वेळा तेवढे जमते. पण त्यासाठी घरात दोन-तीन आठवडे थांबण्यापुरता पैसा पाहिजे, आणि ऑनलाइन नोंदणी, सातबाऱ्यावरची पीक नोंद वेळेत झालेली पाहिजे. ई-पीक पाहणी राहून गेली म्हणून केंद्रावरून परत येणारे सभासद आपण पाहतो. हा तोटा शेतातला नाही, कागदातला आहे, आणि तो पूर्ण टाळता येण्याजोगा आहे.

पीक कर्जाचेही तसेच. मुदतीत फेडले तर व्याजाची सवलत मिळते. मुदत आठ दिवसांनी जरी चुकली तरी सवलत जाते. उसनवारीचे व्याज त्याहून जड. काकाजींच्या यादीत व्याजाची ओळ एक हजाराची आहे. शेजाऱ्याची तीनशेची.

वाणाचाही येथे विचार करावा. बारीक धानाला बाजारात भाव चांगला मिळतो. पीक मात्र जाड धानापेक्षा कमी येऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात स्वतःच्या बांधीतील वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी धान तयार केला. हातावरच्या घड्याळाचे नाव त्याला पडले. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी हा वाण दिला. आज हा तांदूळ दूरदूर खातात. दादाजी २०१८ मध्ये वारले. त्यांच्या स्वतःच्या पदरात फारसे काही पडले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. चांगले पिकवणे आणि चांगले विकणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम एकट्या माणसाला जड जाते, म्हणून संघ आणि सोसायट्या निघाल्या.

उसालाही हाच नियम

आपल्या बहुतेक सभासदांकडे धान आणि ऊस दोन्ही आहेत. उसात आपण एकरी टन मोजतो, आणि टनामागे खर्च मोजत नाही. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. समजा शेतकऱ्याच्या पदरात २,७०० पडले.

आता लागणीच्या उसाला एकरी ७०,००० खर्च आला आणि ३५ टन ऊस झाला, तर टनाला २,००० रुपये पडले, आणि उरले २४,५००. त्याच शेतात पुढच्या वर्षी खोडव्याला ३८,००० खर्च आला आणि २८ टनच झाला, तर टनाला सुमारे १,३५७ पडले, आणि उरले ३७,६००. सात टन कमी होऊनही खोडवा तेरा हजारांनी पुढे. कारण बेणे, नांगरट आणि लागणीची मजुरी वाचली.

असे असून पुष्कळ ठिकाणी खोडव्याकडे कोणी पाहत नाही. पाचट जाळून टाकतात आणि पाणी सुटेल तेव्हा सोडतात. खोडवा जमिनीलगत छाटावा, पाचट सरीत ठेवावे, नांग्या भराव्यात, खत लगेच द्यावे. ही कामे केली तर खोडव्याचा खर्च थोडा वाढतो, पण तो रुपया परत येतो. मात्र बेणे रोगट असेल, किंवा नांग्या फार पडल्या असतील, तर खोडवा मोडणेच बरे. येथेही वहीच सांगेल.

आणखी एक. ऊस मे महिन्यातही पाणी मागतो. ज्याच्या विहिरीत किंवा बोडीत मेपर्यंत पाणी नाही, त्याने दोन एकरांऐवजी एकच एकर ऊस लावावा आणि तो नीट सांभाळावा.

वही कशी ठेवावी

फार शिकलेला माणूस लागत नाही. शंभर पानी वही घ्यावी. प्रत्येक पिकाला चार पाने द्यावीत. ज्या दिवशी पैसा गेला त्याच दिवशी चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, काम, किती माणसे किंवा किती पोती, आणि रक्कम. घरच्या माणसांचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहावेत. घरची बाई नऊ महिने राबते आणि तिचा एकही दिवस हिशेबात येत नाही, हे बरे नाही. मळणी झाल्यावर तीन आकडे काढावेत: एकूण खर्च, एक क्विंटल किंवा एक टन पिकवण्यास पडलेला खर्च, आणि घरची मजुरी वजा करून उरलेला पैसा.

मग ही वही शेजाऱ्याच्या वहीशी ताडून पाहावी. हे सर्वांत अवघड काम आहे, कारण आपण पीक मोठे करून सांगतो आणि कर्ज लहान करून सांगतो. पण दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही. नशिबाच्या खात्यावर टाकलेले पुष्कळ रुपये तेथे सापडतात.

सभासदांनी घरी करावयाचा अभ्यास

१. गेल्या खरिपात एक क्विंटल धान पिकवण्यास मला किती रुपये पडले?
२. माझ्या खर्चातील कोणते दोन खर्च परत आले नाहीत?
३. माझ्या पाटावर किती खातेदार आहेत, आणि गाळ शेवटचा कधी काढला?
४. माझी जमीन वर्षात किती महिने मोकळी असते?
५. खोडव्याचा आणि लागणीचा टनामागे खर्च वेगवेगळा काढून पाहा.

उत्तरे गटाच्या बैठकीत घेऊन यावीत. न जमल्यास शेती विभागाचा माणूस घरी येऊन वही मांडून देईल, संकोच करू नये.

शेवटी काकाजींचे सांगतो. त्या रात्री दोन एकर गहाण टाकण्याचा विचार त्यांनी तूर्त बाजूला ठेवला. पुढच्या खरिपात दोन एकरांत सुधारित वाण आणि दोन एकरांत संकरित, असे दोन्ही लावून दोन्हींची वही ठेवावी असे ठरले. मुलगा पाटावरच्या दहा घरी जाऊन आला. सात जण गाळ काढायला येतो म्हणाले, तिघांचे अजून ठरायचे आहे. काकूंनी वहीचे काम स्वतःकडे घेतले आहे. कॅलेंडरची जागा आता पुरत नाही, असे त्या म्हणाल्या.

पुढील मळणीनंतर त्यांच्या परवानगीने त्या वहीचे आकडे याच पानावर देऊ. नफा झाला तरी देऊ, तोटा झाला तरी देऊ.

जय सहकार.